खांदा बारीक होत नाही

९ फेब्रुवारी

ढब्बू,

जावयानं दोन ओळी खरडल्या म्हणून मला कळलं, नाहीतर मी मरेपर्यंत तू सांगितलं नसतंस. दोन वर्षं. दोन वर्षं तू डॉक्टरकडे चकरा मारतेस आणि मला दर पत्रात काय लिहितेस, तर "मावशी, इकडे सगळं ठीक, तुझ्या गुडघ्याला जप." माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? गुडघा माझा आहे, मी बघीन. तुझ्या पोटात काय चाललंय ते सांग.

सात वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस. शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. तुला ताप आला तर आधी मला कळायचं, मग तुला. आणि आता जावयानं कळवायचं. तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला लिहायची सवय कुठली. "मावशी, तिला पीसीओडी आहे, दिवस राहत नाहीत, ती रडते, तुम्ही काहीतरी लिहा." एवढंच. खाली पत्त्यावर तेलाचं बोट.

पीसीओडी म्हणजे काय ते मी आमच्या शिवणाच्या दुकानातल्या इस्त्रीवालीला विचारलं. ती म्हणाली अंडाशयात गाठी होतात. होणारच. बारा बारा तास खुर्चीत बसायचं, कानाला फोन, समोर यंत्रातली बिस्किटं आणि थंड गोड पेय. दिवसा पडदे ओढून झोपायचं. गाठी नाही तर काय फुलं येणार?

फोन करू नकोस. दुकानातला फोन माझ्या मशीनला लागून आहे, चौघी कान लावून असतात, आणि फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस. कागदावर लिही. कागदावर थाप मारायला जास्त वेळ लागतो.

आणि वाढदिवसाच्या ड्रेसची मापं दर वर्षी एकदा पाठवतेस, ती आता महिन्याच्या महिन्याला पाठव. वजनकाटा मला कळत नाही, टेप कळतो. बघते कशी उतरत नाहीस ते.

मावशी


२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग तुझ्या जावयाला झापलं. तो म्हणाला, "मी दोनच ओळी लिहिल्या होत्या." मी म्हटलं, तुझ्या दोन ओळींनी तिकडे मशीन बंद पडली असेल.

त्या गाठी नव्हेत गं. अंडाशयात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायला हवं. माझी पिकतच नाहीत, अर्धवट वाढून तिथेच थांबतात. सोनोग्राफीत मण्यांची माळ दिसते. म्हणून पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार. बीज कधी सुटेल ते कळत नाही, तर दिवस राहणार कसे? डॉक्टर म्हणाल्या, वजन थोडं उतरवा, झोप सुधारा, मग औषधाचं पाहू.

सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. आणि तू अगदी तेच म्हणालीस.

खुर्चीचं म्हणशील तर खरं आहे. पण ती खुर्ची सोडता येत नाही. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन करणारा माणूस मी जेवून येईपर्यंत थांबत नाही. कुणाचे वडील जिन्यावरून पडलेले असतात, कुणाच्या छातीत दुखत असतं. आणि महिन्यातून दोन-तीनदा असा फोन येतो की गाडी पोचायच्या आत बाळंत होणार. तेव्हा मी इथून सांगते: टॉवेल आण, डोकं ओढू नकोस, नुसता आधार दे. मग कानात बाळाचं रडणं येतं. मी वेळ लिहून घेते आणि पुढचा फोन उचलते.

म्हणून ती बिस्किटं, मावशी. भूक लागते म्हणून नाही.

मापं घेते आणि पाठवते. गुडघ्याला खरंच जप.

तुझी ढब्बू


६ मार्च

ढब्बू,

बाळांचं वाचून मी मशीनवरून उठले आणि पाणी प्यायले. पण त्याबद्दल मला लिहिता येणार नाही, चौथी शिकलेली बाई मी. जे येतं ते लिहिते.

सकाळी घरी आलीस की लगेच आडवी होऊ नकोस, आधी चाल. रात्रीचं जेवण निम्मं कर. बिस्किटाच्या यंत्राकडे पाठ करून बस. इस्त्रीवालीची भाची सोळा किलो उतरली आणि तिसऱ्या महिन्यात गरोदर राहिली, इस्त्रीवाली शपथेवर सांगते. तू दहा तरी उतर. लहानपणी तुला दोनदा वाढायची ती माझीच चूक होती, ती आता तू निस्तर.

आणि ह्यात जिवावर येण्यासारखं काय आहे? तोंड बंद आणि पाय चालू. मी आठ तास मशीनचं पायडल मारते, माझं कुठे काय वाढलंय.

मापाची चिठ्ठी आली नाही. फेब्रुवारी संपला. माझ्याकडे हिरवं कापड येऊन पडलंय, तुला शोभेल असं. कापड वाट बघतंय असं समज, म्हणजे तुला लाज वाटेल.

मावशी


११ एप्रिल

प्रिय मावशी,

उशीर झाला, कामाची गडबड होती. सोबत मापं.

खांदा १४
छाती ३८॥
कंबर ३६॥
सीट ४२॥
बाही २०॥

मागच्या वर्षीच्या चिठ्ठीशी ताडून बघ. खूश? संध्याकाळी मी आता काही खात नाही, कामावर नुसतं पाणी. चालतेही. बाकी सगळं ठीक. हिरव्या रंगाचं नक्की कर.

तुझी ढब्बू


१९ एप्रिल

ढब्बू,

मागच्या वर्षीची चिठ्ठी माझ्या मशीनच्या खणात आहे. खांदा साडेपंधरा, छाती चाळीस, कंबर अडतीस, सीट चव्वेचाळीस, बाही बावीस. तुझी नवीन चिठ्ठी शेजारी ठेवली. आधी आनंद झाला. इस्त्रीवालीला दाखवली. चहा पाजला तिला. मग कात्री हातात घेतली आणि हात थांबला.

सगळीकडून बरोब्बर दीड इंच कमी. छाती दीड, कंबर दीड, खांदा दीड, बाही दीड.

अगं, खांदा हाडाचा असतो. चरबी उतरली तर खांद्याचं माप फार तर अर्धं बोट सरकेल. दीड इंच खांदा जायला करवत लागते. आणि बाहीची लांबी? उपास करून हात आखडला का तुझा? तीस वर्षं मी मापं घेतेय. बायका श्वास आत ओढतात, टेपखाली बोट घालतात, नवऱ्यासमोर एक आकडा सांगतात आणि तो गेला की दुसरा. पण खांदा कोणी चोरत नाही, कारण खांद्याची कोणाला लाज वाटत नाही. तू मशीनखाली वाढलीस आणि तुला एवढंही कळू नये?

तू टेप हातात घेतलाच नाहीस. जुनी चिठ्ठी समोर ठेवून वजाबाकी केलीस.

रागावले आहे. तू मला फसवायला निघालीस एवढी मी कधी भयंकर झाले?

खरं लिही. कापड कापलेलं नाही.

मावशी


२ मे

मावशी,

चार वेळा लिहून फाडलं. आता जे आहे ते.

टेप घेतला होता हातात. कंबरेचा आकडा बघितला आणि टेप खिडकीतून खाली टाकला. एकोणचाळीस होती. उतरले नाही, वाढले. तीन किलो.

मी खरंच उपाशी राहिले. तू म्हणालीस निम्मं, मी पाव केलं. कामावर नुसतं पाणी. चार दिवस जमायचं, पाचव्या दिवशी घरी येऊन उभ्याउभ्या पातेलं रिकामं करायची, मग स्वतःवर चिडून पुन्हा उपास. मार्चच्या शेवटी एक फोन आला, बाळंतपणाचाच. मुलगी एकटी होती, जेमतेम एकोणीसची. मी म्हटलं, "मी आहे, घाबरू नकोस," आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हेडफोन कानातून निसटला. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी झडप घालून माझी लाइन घेतली. ती मुलगी आणि बाळ दोघंही ठीक आहेत. पण मावशी, ती नऊ-दहा सेकंद तिला कुणीच नव्हतं. तिला मी "मी आहे" म्हटलं होतं.

त्यानंतर मी डॉक्टरची पुढची तारीख रद्द केली. आता नाही जायचं. घरात तपासणीच्या पट्ट्या असायच्या, दर महिन्याला पाळी लांबली की मला वाटायचं या वेळी असेल, आणि पट्टीवर दर वेळी एकच रेघ. त्याही सगळ्या कचऱ्यात टाकल्या. नाहीच होणार मूल तर नाही होणार. तुझा जावई दुसऱ्यांच्या लिफ्ट दिवसभर वर-खाली करतो आणि घरी येऊन गप्प बसतो.

आणखी एक. तू रागावशील. "ढब्बू" मला आवडायचं. शाळेच्या फाटकातून तू हाक मारायचीस तेव्हा मुली हसायच्या, तरी आवडायचं. पण हल्ली पाकिटातून पत्र काढलं की पहिला शब्द तोच दिसतो आणि मला वाटतं डॉक्टरच्या काट्यावर उभी आहे.

तुला फसवायचं नव्हतं. तुला एकदा तरी खूश करायचं होतं.

तुझी


१४ मे

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी मी तिघींच्या बाह्या उलट्या जोडल्या. मालकीणबाई म्हणाल्या, घरी जा. गेले नाही.

बुधवारी दुकानात एक डॉक्टरीणबाई आल्या, बायकांच्या दवाखान्यातल्या. पँट लांब होत होती. त्यांना स्टुलावर उभं केलं आणि दोन्ही पायांना गोल टाचण्या लावल्या. आता त्यांना हलता येईना. मग मी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या मुलीला पीसीओडी आहे. उपाशी राहिली तरी वजन वाढलं. असं होतं का, की ती चोरून खाते?"

त्या म्हणाल्या, "होतं. या आजारात शरीराला साखर नीट वापरता येत नाही. वजन लवकर चढतं आणि उतरताना छळतं. त्यात उपास केला की नंतर दुप्पट खाल्लं जातं. तिला उपाशी राहायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आहे एक मूर्ख बाई नात्यात."

त्या म्हणाल्या, "त्या बाईला सांगा, वेळेवर चार घास खाऊ द्या. डाळ, अंडी, भाज्या, जे पचेल ते. वजन जास्त असेल तर शंभरातले पाच-सात किलो उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. बारीक व्हायची काही गरज नाही. आणि काही जणी मुळात बारीकच असतात, त्यांनाही हा आजार असतो."

मी विचारलं, "रात्रपाळी?" म्हणाल्या, "झोप उलटीसुलटी झाली की अंगातलं घड्याळ बिघडतं. बदलून मिळत असेल तर बदलून घ्यावी."

मी विचारलं, "ती प्लॅस्टिकच्या डब्यात जेवण गरम करते, त्यानं काही होतं का?" म्हणाल्या, "त्याचं अजून कोणी छातीठोक सांगत नाही. पण काचेचा डबा घेतला तर नुकसान काय आहे?"

मग त्या म्हणाल्या, "आजी, एक पाय अवघडलाय." आजी म्हणाल्या मला. तरी मी सोडलं नाही. विचारलं, "आणि हे सगळं केलं तर मूल होतं?"

त्या म्हणाल्या, "खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण या आजाराच्या बहुतेक बायका आई होतात, कोणी आपसूक, कोणी औषधांनी. मात्र नवऱ्यालाही तपासा. निम्म्या वेळा कोणी तपासतच नाही. आणि हा तिचा दोष नाही हे तिला सांगा. पुष्कळदा घरातूनच आलेलं असतं. तुमच्याकडे कोणाला होतं का? आईला, मावशीला?"

मी उरलेल्या टाचण्या तोंडात धरल्या. म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

तुला देते. मला होतं.

तेव्हा त्याला नाव नव्हतं. वर्षातून तीनदा, चारदा पाळी यायची. हनुवटीवर केस यायचे ते मी दार लावून चिमट्यानं उपटायची. तू दार वाजवायचीस, मावशी आरशात काय बघतेस? मी ओरडायचे. आठवतं? अकरा वर्षं वाट बघितली. सगळे मलाच बोलले. तुझ्या काकांना कोणी तपासलं नाही, विचारलंसुद्धा नाही, आणि ते गेल्यावर तर विचारायचंच राहिलं. मी बारीक होते, तुझ्यासारखी नाही, म्हणून मला कधी वाटलंच नाही की तुझं आणि माझं एकच आहे. तुला खाण्यावरून बोलत राहिले. तू तुझ्या आईवर गेलीस असं मी सगळ्यांना सांगते. ह्यात माझ्यावर गेलीस.

आणि एक गोष्ट, जी मी तुझ्या काकांनाही सांगितली नाही. तुझी आई गेली तेव्हा मी खूप रडले. आणि तू पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मला आनंद झाला. बहीण जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मला आनंद झाला. त्याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून तुझ्यावर ओरडते बहुतेक. मला माहीत नाही.

आता ऐक. डॉक्टरची तारीख परत घे. साहेबांना दिवसपाळीचा अर्ज दे. डबा काचेचा घे. जावयाला तपासायला ने, तो कुरकुरला तर त्याला माझं पत्र वाचून दाखव, टाचण्यांसकट. रोज खायचं, वेळेवर, बसून.

आणि टेप नवीन पाठवतेय. तू स्वतः घेऊ नकोस, जावयाला घेऊ दे. जे माप येईल त्याचा ड्रेस शिवीन. कापड कमी पडलं तर जोड देईन, दुकानात त्याच ताग्याचं अजून आहे. तू कापडात मावायचं नाहीस, कापडानं तुझ्या मापात बसायचं आहे.

मावशी


२० जुलै

प्रिय मावशी,

दोन महिने लिहिलं नाही, कारण या वेळी सांगण्यासारखं काहीतरी घडू दे म्हणत होते.

तुझं ते पत्र मी तुझ्या जावयाला वाचून दाखवलं. तो टाचण्यांवर खूप हसला, मग शेवटी शेवटी उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून तपासायला आला. त्याचेही आकडे जरा कमी निघाले. डॉक्टर म्हणाल्या सिगारेट सोडा. सोडली. आता लिफ्टवाला असून माझ्याबरोबर पाच मजले जिन्यानं चढतो, धापा टाकतो आणि म्हणतो, "आमच्या धंद्याची ही बेइज्जती आहे."

एक जूनपासून मला दिवसपाळी आहे. साहेब नाही म्हणतील असं वाटलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या ताई माझ्यासोबत आत आल्या आणि म्हणाल्या, "हिला इथे बसल्या बसल्या चक्कर आली होती, तेव्हा लाइन मी घेतली होती. पुढच्या वेळी मी रजेवर असले तर?" सही झाली.

वजन फक्त चार किलो उतरलं. मी तोंड पाडून सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या, "फक्त का म्हणता?" जूनमध्ये पाळी आली आणि जुलैमध्येही आली, चौतीस दिवसांनी, काही न घेता. मी कॅलेंडरवर गोल केला आणि त्याच्याकडे बघत बसले. ऑक्टोबरपर्यंत वाट बघू म्हणाल्या, मग बीज पिकायच्या गोळ्या सुरू करू.

मापं त्यानं घेतली. पाना धरावा तसा टेप धरला होता.

खांदा १५॥
छाती ३९॥
कंबर ३७॥
सीट ४३॥
बाही २२

खांदा बघ, जागेवर आहे.

आणि मावशी, त्या दारातल्या मुलीलाही आनंद झाला होता. तिलाही लाज वाटली होती. आपण दोघींनी हे वीस-पंचवीस वर्षं एकमेकींपासून लपवलं, म्हणजे थापा मारायला मी कुणाकडून शिकले ते कळलं.

तू "ढब्बू" म्हण. तू म्हटलेलं चालतं.

तुझी ढब्बू


३० ऑगस्ट

ढब्बू,

ड्रेस पाठवलाय. हिरवा. वाढदिवसाला घाल. बाहीला आतून अस्तर दिलंय म्हणजे खाज येणार नाही. छातीच्या शिवणीत दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच कापड दाबून ठेवलंय, पुढेमागे उसवून सैल करता येतं. सगळ्यांनाच ठेवते मी तसं, तुला म्हणून नाही.

चार किलो पुष्कळ आहे. चार किलो मैदा उचलून बघ, कळेल.

इस्त्रीवालीची भाची सोळा नाही, सहाच किलो उतरली होती. परवा कबूल झाली. मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही.

जावयाला सांग, मापं चांगली घेतलीस. दुकानात ठेवीन त्याला.

मावशी


३ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

ड्रेस वाढदिवसाला घातला तेव्हा असा बसला की ऑफिसात दोघींनी शिंप्याचा पत्ता मागितला. मी म्हटलं, ती शिंपी नाही, ती पोलीस आहे.

पण बाकीची बातमी चांगली नाही. पाळी परत रुसली. जून, जुलै, ऑगस्ट अगदी शहाण्यासारखी आली आणि आता बेचाळीस दिवस झाले, पत्ता नाही. म्हणजे आलो परत जिथून निघालो तिथे. रोज चालले, वेळेवर जेवले, वेळेवर झोपले, आणि शरीरानं शेवटी त्याला हवं तेच केलं. तुझ्या जावयाला अजून सांगितलं नाही. तो कॅलेंडरकडे बघत नाही असं दाखवतो. दहा तारखेला, शुक्रवारी, डॉक्टरांकडे जायचंय, त्या गोळ्या सुरू करतील. ठीक आहे. नाहीतरी तेच ठरलं होतं.

आणखी एक मूर्ख तक्रार. काल ड्रेस परत घातला तर छातीला घट्ट होतोय, बटण ओढल्यासारखं दिसतं. कंबरेला मात्र सैल. खाण्यात काही बदल नाही, उलट संध्याकाळी जेवण जात नाही, आठ वाजता डोळे मिटतात. धुतल्यावर कापड आटलं असेल का? तू ठेवलेलं पाऊण इंच मी स्वतः उसवू का, कुठून सुरुवात करायची ते सांग.

कंटाळले आहे गं, एवढंच.

तुझी ढब्बू


६ ऑक्टोबर

ढब्बू,

उसवू नकोस. ब्लेड खाली ठेव आणि बसून वाच.

कापड आटलेलं नाही. ते कापड मी शिवायच्या आधी दोनदा धुऊन वाळवलं होतं, तीस वर्षांत न धुतलेलं कापड मी कापलेलं नाही. आणि आटलं असतं तर कंबरेलाही आटलं असतं. कापड निवडून निवडून छातीला आटत नाही.

बाई जाड होते तेव्हा सगळीकडून होते, कंबर आधी. बारीक होते तेव्हाही सगळीकडून, छाती आधी. कंबर सैल आणि छाती महिन्याभरात घट्ट, हे माप घेऊन माझ्याकडे बायका येतात. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेल्या असतात. म्हणतात, मावशी, धुतल्यावर आटला वाटतं. मी काही बोलत नाही, शिवण उसवून देते. त्या दीड-दोन महिन्यांनी परत येतात, कंबर सैल करायला, आणि तेव्हा लाजत असतात.

तुझं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं. इस्त्रीवालीनं विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात दोऱ्याचा कचरा गेला.

आता नीट ऐक, कारण मी डॉक्टर नाही. टेप खोटं बोलत नाही, पण टेपला सगळंच कळतं असंही नाही. तीस वर्षांत दोनदा मी चुकलेय. पाळी यायच्या आधीही छाती जड होते, ते मलाही माहीत आहे. नुसतीच लांबली असेल. असेल तसं. पण तू बेचाळीस दिवस रुसली रुसली म्हणतेस आणि दुसरी शक्यता तुझ्या डोक्यातच येत नाही, कारण पट्ट्या कचऱ्यात टाकल्यास आणि त्यांच्यासोबत तीही टाकलीस. रोज दुसऱ्यांच्या बाळांच्या वेळा लिहून घेणारी तू. स्वतःची तारीख मोजलीस आणि चुकीचं उत्तर काढलंस.

शुक्रवारी गोळ्या घ्यायच्या म्हणतेस. त्याच्या आधी तपासायचं. हे कुरियरनं पाठवतेय, उद्या मिळेल, परवा पट्टी आण. एकटी बघू नकोस, जावयाला शेजारी उभा कर, त्यानं पण दोन वर्षं दिवस मोजलेत. डॉक्टरला सगळं सांग, छातीचं, झोपेचं, सगळं. काही लपवू नकोस. आपल्या दोघींचं लपवणं आता पुरे.

आणि एकच रेघ आली, तरी ऐक. चाललेलं फुकट जात नाही. चार महिने तू जेवलीस, झोपलीस, माणसात आलीस, खरं लिहिलंस. तेवढं मी तुझ्यासाठी मागितलं होतं, बाकीचं तुझं तू मागितलंस. एक रेघ आली तर ड्रेस मला परत पाठव, मी नीट करून देते, आणि गोळ्या सुरू कर, आणि पुढच्या महिन्याला मापाची चिठ्ठी पाठव. दोन आल्या तरी ड्रेस परत पाठव. तेव्हा पाऊण इंच पुरणार नाही, ताग्याचं उरलेलं कापड मी कोणाला विकू दिलेलं नाही.

पत्र नको या वेळी. दुकानाच्या फोनवर फोन कर. गुरुवारी दुपारी दोन ते चार मी त्या फोनच्या शेजारी बसणार आहे, काम मांडीवर घेऊन. त्या चौघी कान लावतील तर लावू देत. एक म्हण नाहीतर दोन म्हण, पण गुरुवारी म्हण. चारनंतर मी थांबणार नाही, तिकडे यायला निघेन.

मावशी